भरपाईचा मुद्दा राहून गेला

'म्हादई अभयारण्यातून माणसे बाहेर काढल्याशिवाय वाघ टिकणार नाही' हे मत मला पटत नाही. १९९९ साली अधिसूचना निघाली तेव्हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या या वाड्या, त्यांचे काजूचे डोंगर आणि देवराया तिथे होत्याच. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार तिथल्या लोकांचे जंगलावरील हक्कांचे दावे निकालात निघण्याआधी त्यांना हलवताही येत नाही.

जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावली गावात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले, त्याच्या मुळाशी वाघाने गुरे मारल्याचा राग होता. आमची गाभण पाडी बिबट्याने मारली तेव्हा पंचनामा होईपर्यंत ती हलवू नये असे सांगण्यात आले. ऐन पावसात दोन दिवस आम्ही ती माडाच्या चुडतांखाली झाकून ठेवली, आणि भरपाईची रक्कम हातात पडली ती पुढच्या वर्षी काजूचे बोंडू पिकून हुर्राक (बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) निघू लागला तेव्हा. (पंचनाम्याला आलेले गृहस्थ सौजन्याने वागले, हेही नमूद करतो.) आमचे पोट त्या पाडीवर नव्हते म्हणून निभावले; ज्यांचा सारा संसार गुरांवर चालतो त्या गवळी-धनगर कुटुंबांना इतके महिने थांबणे परवडत नाही.