शब्दचर्चा: निधर्मी कोण, मी की सरकार?

खिळेजुळारी

मंडळी, एक पुस्तिका भाषांतराला आली आहे. विषय राज्यघटना, वाचक आठवी-नववीतली मुलं. मुळात 'सेक्युलर' हा शब्द पानोपानी आहे. मी सगळीकडे 'धर्मनिरपेक्ष' लिहिलं. मुद्रितशोधनातून प्रत परत आली तर सगळीकडे 'निधर्मी'. समासात पेन्सिलीने शेरा: 'अर्थ तोच, जागा कमी.'

अर्थ तोच नाही. मी स्वतः निधर्मी आहे, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो. घरात देव्हारा नाही, मुलीचं बारसं केलं ते नुसते पेढे वाटून. अर्जावरचा धर्माचा रकाना मोकळा सोडतो आणि खिडकीपलीकडचा माणूस 'हे राहिलं' म्हणाला की 'राहिलं नाही, नाहीच' असं उत्तर देतो. (धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही, 'धर्म नाही' असंही म्हणता येतं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तेव्हापासून हे उत्तर देताना आवाज कमी कापतो.) पण सरकारने माझ्यासारखं व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. सरकारला निधर्मी म्हणणं म्हणजे त्याला माझ्या पंगतीला बसवणं. त्याने कुणाच्याच पंगतीला बसू नये, वाढपी व्हावं.

तर निधर्मी, धर्मनिरपेक्ष, पंथनिरपेक्ष, इहवादी: यांत नेमका फरक काय? कोण कुठे वापरतं?

पाणिनीचा शेजारी

आधी 'नास्तिक' निकालात काढू, कारण तो शब्द येणारच. पाणिनीचं सूत्र आहे 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. 'आहे' असं ज्याचं मत तो आस्तिक, 'नाही' असं मत तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्रात सांगितलेलं नाही. सूत्रावर भाष्य लिहिणाऱ्यांनी तिथे परलोक घातला. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' आहे, म्हणजे तिथे कसोटी वेदांची. देवाचा प्रश्न दोन्हीकडे नाही. म्हणून तर जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे, पण वेद मानणारे मीमांसक आस्तिकांत बसले आणि बौद्ध, जैन, चार्वाक नास्तिकांत गेले. देव न मानणारा या अर्थी काटेकोर शब्द 'निरीश्वरवादी'. पण चहाच्या टपरीवर तो कोण उच्चारणार? मराठीत नास्तिक म्हणजे देव न मानणारा, हे आता रूढ आहे. रूढीपुढे पाणिनीही गप्प बसतो.

आडनाव नको

मग तोच न्याय 'निधर्मी'ला लावा की. 'निधर्मी राज्य' हे आमच्या वडिलांच्या पिढीत सर्रास बोललं जायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी पंढरपूरच्या सरकारी पूजेविरुद्ध आंदोलन केलं, तेव्हाचा सवालच होता, निधर्मी राज्यात सरकारने पूजा का करावी? शब्द सोपा आहे, छोटा आहे, लोकांना कळतो. मुद्रितशोधकाला उगाच झोडपू नका.

खिळेजुळारी

कळतो, पण काय कळतो ते पाहा. 'नि' लागला की मराठी कानाला अभाव ऐकू येतो: निपुत्रिक, निकामी, निलाजरा. निधर्मी राज्य म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ह्यांना धर्म नको आहे. तिथून अधर्मी फार लांब नाही. मग कुणी म्हणतं, 'आम्हाला निधर्मी व्हायचं नाही.' त्याला तसं व्हायला कुणी सांगितलेलंच नव्हतं!

'निरपेक्ष'चं तसं नाही. त्यात अपेक्षा आहे, अवलंबून असणं आहे. जातिनिरपेक्ष शिष्यवृत्ती म्हणजे जात न पाहता दिलेली. ती घेणाऱ्याला जात नसते असं कुणी म्हणत नाही. तसंच धर्मनिरपेक्ष राज्य: माझा दाखला, तुमचं रेशन, तिसऱ्याची जामिनाची सुनावणी, कशातच धर्म बघायचा नाही. धर्म ज्याचा त्याच्याकडे राहतो. मी नास्तिक म्हणून सरकारकडे एवढंच मागतो, आणि हेच मागणं एखाद्या माळकऱ्याचंही असू शकतं. शब्द असा हवा की आम्हा दोघांना त्याखाली उभं राहता येईल.

सातारी कंदी

धर्मनिरपेक्ष हा शब्दच चुकीचा आहे. आपल्याकडे धर्म म्हणजे रिलिजन नव्हे. शेजारधर्म, राजधर्म, पाण्याचा गुणधर्म, दानधर्म. राज्य धर्माशिवाय चालेल कसं? म्हणून 'पंथनिरपेक्ष' म्हणा. घटनेच्या अधिकृत हिंदी पाठात तेच आहे. २०१५ मध्ये संविधानावरच्या चर्चेत राजनाथसिंहांनी लोकसभेतही तेच सांगितलं होतं.

खिळेजुळारी

हिंदी पाठाबद्दल तुमचं बरोबर. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने 'सेक्युलर' उद्देशिकेत आला. हिंदीत त्याचं पंथनिरपेक्ष झालं, मराठीत धर्मनिरपेक्ष. गंमत अशी की 'सेक्युलर' हा शब्द घटनेत आधीपासून, १९५० पासून आहे. अनुच्छेद २५ मध्ये, धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय 'वा अन्य सेक्युलर' व्यवहारांवर सरकार नियंत्रण आणू शकतं, असं म्हटलंय. तिथे हिंदी पाठ म्हणतो 'लौकिक'. एकाच ग्रंथात एकाच शब्दाचे दोन अनुवाद, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. देवळाची दानपेटी लौकिक असू शकते, तिला पंथनिरपेक्ष म्हणून चालणार नाही.

पण मराठीत 'पंथ' म्हणजे काय? वारकरी पंथ, महानुभाव पंथ. एका मोठ्या घरातल्या खोल्या. पंथनिरपेक्ष म्हटलं तर मराठी वाचक असं वाचेल की सरकार खोल्या-खोल्यांत भेद करणार नाही, घर मात्र एकच धरून चालेल. मला, बेघराला, त्यात जागा कुठे? हिंदीत पंथ शब्दाचा पैस मोठा असेल. तो इथे आणताना पैस वाटेतच गळतो.

आणि धर्म शब्दाचे अर्थ अनेक आहेत, हे तर आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. 'गुणधर्म' शिकवायला आलेल्या बाईंना कुणी धर्मप्रचारक म्हणत नाही. संदर्भ अर्थ ठरवतो. महाराष्ट्रात नास्तिकांनी जरी सार्वजनिक न्यास काढला, तरी नोंदणीला जायचं ते धर्मादाय आयुक्तांकडेच. त्याने आजवर कुणाचं नास्तिकपण बाटलेलं नाही.

पाणिनीचा शेजारी

अवांतर, पण राहवत नाही. अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' शब्द येतो, तिथे अर्थ सरळ पंथ, संप्रदाय. राजा सगळ्या पासंडांचा मान राखतो म्हणे. तोच शब्द घसरत घसरत मराठीत 'पाखंड' झाला. तेव्हा शब्दांच्या भवितव्याची फार काळजी करू नये.

आणि अशोकाचं धोरण हे धर्मनिरपेक्षता नव्हे. तो सगळ्यांना दान देतो, आजीविक पंथाच्या साधूंना बिहारमधल्या बराबरच्या डोंगरात लेणी कोरून देतो, धम्माची कामं बघायला महामात्र म्हणजे अधिकारी नेमतो. हा सर्वधर्मसमभाव, तोही सरकारी तिजोरीतून.

चंद्रभागा

पंढरपूरचा उल्लेख वर आला म्हणून लिहिते. ती महापूजा थांबली, पाठोपाठ ७२ चा दुष्काळ आला, आणि विठ्ठल कोपला असं लोक बोलू लागले. मग पूजा पुन्हा सुरू झाली. आमच्याकडे आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक पूजा करतात, सोबत रांगेतलं एक वारकरी जोडपं असतं. ते राज्याच्या वतीने पाऊसपाणी मागतात. यात कुणावर सक्ती कुठली? खिळेजुळारींना नक्की काय खुपतं?

खिळेजुळारी

चंद्रभागाताई, पूजा खुपत नाही. 'शासकीय' खुपतं. 'शासकीय महापूजा' या दोन शब्दांतला पहिला शब्द माझ्याही पैशाचा आणि माझ्याही नावाचा आहे. 'राज्याच्या वतीने' म्हटलं की मला न विचारता मलाही गाभाऱ्यात उभं केलं जातं. मशिदीत जाणाऱ्यालाही, चर्चमध्ये जाणाऱ्यालाही. मुख्यमंत्री टोपी घालून, रांगेत उभं राहून, स्वतःच्या नावाने विठ्ठलाला भेटले तर मी टाळ्या वाजवीन. माझी आई वारीला जायची. तिच्या आणि विठ्ठलाच्या मधे सरकार नव्हतं, आणि तिला त्याची उणीव कधी भासली नाही.

उलट्या बाजूनेही बघा. सिद्धिविनायकाला १९८० चा कायदा, शिर्डीला २००४ चा, पंढरपूरला १९७३ चा. विश्वस्त नेमणार सरकार. बडव्यांची मक्तेदारी कायद्याने संपली, ते मला चांगलंच वाटतं. पण सरकार देवळात शिरलं की ते फक्त हिशेब तपासून बाहेर येत नाही, तिथे आपली माणसं बसवतं. हे भाविकालाही खुपायला हवं. 'लौकिक' तेवढं बघा, बाकी सोडा, अशी रेघ शब्दकोशात आखता येते, ट्रस्टच्या बैठकीत येत नाही.

ती रेघ नीट आखलेली मला एकदा दिसली: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर तो आला, हे सगळ्यांना आठवतं. त्याचं पूर्ण नाव वाचा. नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. 'अंधश्रद्धा' शब्दच नाही. कायदा कृत्यं मोजतो. कुणाची श्रद्धा आंधळी, कुणाची डोळस, हे ठरवायला पोलिसाला सांगत नाही. निधर्मी सरकारने तेही ठरवलं असतं!

स्ट्रासबुर्गकर

+१. फ्रान्सच्या १९०५ च्या कायद्यात गणराज्य कुठल्याही पंथाला मान्यता, पगार वा अनुदान देणार नाही, असं खणखणीत लिहिलंय. पण मी राहतो त्या आल्सासमध्ये पाद्रीबुवांचा पगार आजही सरकार देतं, कारण १९०५ मध्ये हा भाग जर्मनीत होता. तेव्हा इथे शब्द एक, नकाशे दोन.

आडनाव नको

'इहवाद' राहिला की. वैचारिक लेखांत असतो, पण बोलताना कुणी वापरलेला ऐकला नाही.

पाणिनीचा शेजारी

इहवाद हा विचार आहे, आणि मूळ इंग्रजी 'सेक्युलॅरिझम'च्या तो सर्वांत जवळ. इंग्लंडमधल्या होलिओकने तो इंग्रजी शब्द १८५१ मध्ये घडवला. 'या जगाचं या जगापुरतं बघू' हे त्याचं सूत्र, देव आहे की नाही हा प्रश्न बाजूला. तिथलाच नास्तिक पुढारी ब्रॅडलॉ, त्याचं म्हणणं, असं बाजूला ठेवता येत नाही, शेवटी नास्तिकच व्हावं लागतं. १८७० मध्ये दोघांचा यावर जाहीर वाद झाला. म्हणजे आपण इथे दीडशे वर्षं जुनंच भांडण मराठीत भांडतोय. हाच ब्रॅडलॉ पुढे १८८० मध्ये निवडून आला आणि देवाच्या नावाने घ्यायच्या शपथेच्या घोळामुळे १८८६ पर्यंत त्याला पार्लमेंटात नीट बसता आलं नाही. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो आला होता.

खिळेजुळारी

शपथेवरून आठवलं. आपल्या घटनेने तो घोळ आधीच सोडवला: 'ईश्वरसाक्ष' नको असेल तर 'गांभीर्यपूर्वक' म्हणा. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी ही सदस्य ह. वि. कामतांची सूचना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. विरोध करणारे सगळे काही नास्तिक नव्हते. देवावर मतदान घेऊ नका, अशी विनवणीही तिथे झाली होती. मात्र 'गांभीर्यपूर्वक' म्हणणाऱ्यालाही पुढच्याच ओळीत संविधानाबद्दल 'खरी श्रद्धा व निष्ठा' बाळगावी लागते. श्रद्धा हा शब्द माझ्या तोंडी बसेल अशी ही एकमेव जागा, आणि तिथे तो मला आवडतो.

असो. मुद्रितशोधकांना फोन केला. सगळीकडे 'धर्मनिरपेक्ष' परत आणायला तयार झाले. फक्त म्हणाले, पान १४ वर ओळीच्या टोकाला 'धर्म' राहतोय आणि 'निरपेक्ष' खाली जातोय, चालेल का?

चालेल म्हटलं.