इंग्रजी व्याकरण: चूक कुठली आणि बोलीचा नियम कुठला, कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सध्या इंग्रजी व्याकरण जरा खोलात जाऊन शिकतेय, परीक्षाबिरीक्षा नाही, आवड म्हणून. टेन्स, आर्टिकल्स, पॅसिव्ह वगैरे शाळेत नुसतं घोकलेलं एकदा नीट समजून घ्यावं एवढाच हेतू होता, पण जसजसं वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांचं बोलणं ऐकायला लागले, पॉडकास्ट म्हणा, मुलाखती म्हणा, तसतसा गोंधळ वाढतच चाललाय.

सोपं आधी. 'आय हॅव जस्ट ईटन' हे ब्रिटिश, अमेरिकन माणूस खुशाल 'आय जस्ट एट' म्हणतो. 'द टीम आर प्लेइंग' ब्रिटनमध्ये चालतं, अमेरिकेत बहुतेक 'इज'च. इथे लेबल लावलं की विषय संपला. 'गॉटन' मात्र भारी प्रकार आहे, अमेरिकन माणसाचं 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली. ब्रिटिशांच्या एकट्या 'गॉट'ला हे जमत नाही, तरी 'गॉटन' म्हणजे अशुद्ध असं ठासून सांगणारे भेटतातच.

खरी पंचाईत पुढे आहे. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या भागात 'द कार नीड्स वॉश्ड' म्हणतात, मधलं 'टू बी' गायब. आयरिश माणूस 'आय ॲम आफ्टर ईटिंग' म्हणाला तर तो जेवणाच्या मागे लागलेला नसतो, त्याचं नुकतंच खाऊन झालेलं असतं. अमेरिकेच्या दक्षिणेत 'आय माइट कुड डू इट' (मला कदाचित जमेल), दोन मोडल (कॅन, कुड, माइट यांसारखी सहाय्यक क्रियापदं) एकापाठोपाठ, पुस्तकाच्या हिशोबाने हे शक्यच नाही. आणि आफ्रिकन अमेरिकन इंग्रजीत 'ही बी वर्किंग'. आता ही सगळी माणसं जन्मापासून इंग्रजी बोलणारी, त्यांना 'तुमचं चुकलं' म्हणणारी मी कोण?

बरं, घोकलेल्या नियमांचं मूळ शोधायला गेलं तर तिथे वेगळीच मजा. दोन नकार एकमेकांना रद्द करतात हे इंग्रज व्याकरणकार रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणाच्या १७६३ च्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलं, पण त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी कवी चॉसर एका वाक्यात तीन-चार नकार बिनधास्त घालत होता आणि त्याचा अर्थ नकारच होता. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हेही लाउथच्याच नावावर खपवतात. प्रत्यक्षात तो एवढंच म्हणाला की गंभीर लिखाणात प्रिपोझिशन आधी आलेलं बरं दिसतं, बोलण्यात शेवटी चालतं, आणि हे सांगतानाचं त्याचं स्वतःचं वाक्य 'टू'वर संपतं! कडक बंदी घातली ती नंतरच्या मास्तर लोकांनी.

तर प्रश्न असा की उद्या एखादं विचित्र वाक्य कानावर पडलं, तर ती बोलणाऱ्याची चूक आहे की त्याच्या बोलीचा नियम, हे माझ्यासारखीने ठरवायचं कसं? सगळंच बरोबर म्हटलं तर मग व्याकरण शिकायचं कशाला? जाणकारांनी प्लीज सांगा, आणि 'जास्त विचार करू नका' असं सांगू नका, ते घरचे सांगतातच.

—

प्रतिसाद:

ताई, प्रश्न उलटा करून बघा. हे लोक काय बोलतात यापेक्षा काय बोलणार नाहीत ते शोधा. 'ही बी वर्किंग' म्हणजे तो नेहमी, एरवी काम करत असतो. आत्ता या क्षणी करतोय असं म्हणायचं असेल तर 'ही वर्किंग', 'बी'शिवाय. 'ही बी वर्किंग राइट नाऊ' हे ती बोली बोलणाऱ्यालाच खटकतं. खटकतं म्हणजे नियम आहे. तसंच 'इज' गाळण्याचं. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये दाखवलं की प्रमाण इंग्रजीत जिथे 'इज'चा 'स' करून शब्दाला जोडता येतो, साधारण तिथेच या बोलीत तो गाळता येतो. 'दॅट्स व्हॉट ही इज' यातला शेवटचा 'इज' जोडता येत नाही, म्हणून गाळताही येत नाही. आळसाने बोलणाऱ्याला एवढं काटेकोर जमेल का?

आणि नुसत्या वाक्यावरून निकाल देऊ नका. 'शी गोज'ऐवजी 'शी गो' हे नवशिक्याच्या तोंडी चूक, पण इंग्लंडच्या नॉर्फोक भागात ती पिढ्यानपिढ्याची रीत आहे. पीटर ट्रडगिल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने तिथल्या नॉरिच शहरात अभ्यास केला (१९७४ मध्ये छापला), त्यात सगळ्यात खालच्या कामगारवर्गात मोकळ्या गप्पांमध्ये क्रियापदाच्या शेवटचा हा 'स' ९७ टक्के वेळा गळत होता, सुस्थितीतल्या मध्यमवर्गात जवळपास कधीच नाही. शहर तेच.

कॉर्पसमध्ये (खऱ्या वापरातल्या भाषेच्या मोठ्या संग्रहात) शोधायची सवय लावा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्द आहेत, त्यातले साधारण १० टक्के बोलण्यातले. फक्त तिथे सापडलं नाही म्हणून चूक असं समजू नका, छोट्या बोली त्यात फार कमी येतात. स्वतः लिहिताना एकच प्रमाण रूप धरा, ब्रिटिश नाहीतर अमेरिकन. बाकीच्या बोली कानाने शिकायच्या, त्यांची नक्कल करायला जाऊ नका, हास्यास्पद होतं.

—

धागाकर्ती:

खूप आभार! 'राइट नाऊ'वाली टेस्ट एकदम पटली. मग लगेच एक उपप्रश्न: 'माइट कुड'ला ती कशी लावायची? 'कुड माइट' असा उलटा क्रम त्या लोकांना खटकतो का? आणि त्याचा प्रश्न करताना पुढे कोण येतं, 'माइट' की 'कुड'? तिकडे राहिलेलं कोणी असेल तर ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी टाका.