मित्राच्या मुलाच्या ट्रान्सप्लांटसाठी व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टावरून पैसे उभे करायचेत, सुरुवात कुठून करू?

सुहास_वाळवा
नमस्कार मंडळी. आमच्या दहावीच्या बॅचमधला एक मित्र गावाकडं टेम्पो चालवतो, त्याच्या सात वर्षांच्या पोराला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला सांगलीला न्यावं लागतं. आता मोठ्या बहिणीशी एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी बघतात ती पेशींची जुळणी) पूर्ण जुळलंय आणि डॉक्टर म्हणतात बोन मॅरो ट्रान्सप्लांट लवकर करून घ्या, वय वाढेल तसं शरीरात लोह साठत जातं आणि धोका वाढतो. पुण्यातल्या हॉस्पिटलनं 14 लाखांचं एस्टिमेट दिलंय. बॅचच्या ग्रुपवर दोनेक लाख जमतील, बाकीचे सोशल मीडियावरून. माझ्याच गूगल पेचा क्यूआर टाकून पोस्ट फिरवली तर चालेल का, का मिलाप, केटोसारख्या देणग्या गोळा करणाऱ्या वेबसाइटवर जाऊ? अमेरिकेतले दोन मित्रपण द्यायला तयार आहेत.

मृण्मयी के
सुहासदादा, स्वतःचा क्यूआर अजिबात टाकू नका. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात 50,000 च्या वर रक्कम आली की ती सगळी तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते, आणि उद्या कुणी हिशेब विचारला तर घरखर्चाचे आणि पोराचे पैसे वेगळे कसे दाखवणार? शिवाय फिरत्या पोस्टमधला क्यूआर बदलून स्वतःचा चिकटवणारे भामटे असतात. बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंटचा रजिस्ट्रेशन नंबर टाकून थेट त्यांच्या खात्यात पैसे भरता येतात, बिलिंगला विचारा. प्लॅटफॉर्मवर गेलात तर पैसे थेट हॉस्पिटलला जातील का आणि फी किती हे आधी लेखी घ्या. काही ठिकाणी फी शून्य असते पण देणगीच्या पानावर टिप आधीच टाकलेली असते, देणाऱ्यांना सांगा की ती काढता येते.
अजून एक, गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून 41 क ची परवानगी काढतात ना, तसं तुमच्या ग्रुपला लागेल का हे जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारून घ्या.

रक्तदाता नाशिक
पोस्टच्या आधी योजना बघा हो! भावंडाशी जुळलंय म्हणजे कोल इंडियाच्या सीएसआरमधल्या (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतल्या) थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत अर्ज करा, 10 लाखांपर्यंत मदत मिळते, पण ठरावीक हॉस्पिटलांतच, त्यामुळं आधी यादी बघा, उत्पन्नाचा दाखला लागेल. बोरिवलीला मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) सेंटर आहे, तिथलं एस्टिमेट पण काढून बघा. आणि पुण्यातलं हॉस्पिटल धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तिथल्या एमएसडब्ल्यू (समाजसेविका) मॅडमना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा. हे सगळं करून जेवढे कमी पडतील तेवढेच लोकांकडं मागा, लोक विश्वासानं देतात.
पैशाइतकंच रक्तही लागणार आहे. ट्रान्सप्लांटनंतर प्लेटलेट (एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीननं काढलेल्या) द्यायला माणसं लागतात, तीपण ऐनवेळी आणि पुण्यातली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यासाठी फार कामाला येतो, नाव, रक्तगट, गाव अशी यादी आजच सुरू करा.

सुहास_वाळवा
कोल इंडियाचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, उद्याच मित्राला घेऊन दाखल्यासाठी तहसीलला जातो. पोस्टमध्ये पोराचा फोटो टाकायचा का? काहीजण म्हणतात सुई लावलेला रडका फोटो टाकला की पैसे पटापट येतात.

अनघा
नका टाकू दादा, मनापासून सांगते. पोरगं बरं होऊन शाळेत जाईल तेव्हाही तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असणार. लोकांना खात्री लागते, आणि ती कागदानं होते. एस्टिमेटचा फोटो टाका, पत्ता, नंबर झाकून. मजकूर साधा ठेवा, असा काहीतरी: "आमच्या वर्गमित्राच्या मुलाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट आहे. खर्च 14 लाख, योजनेतून आणि मित्रांकडून इतके जमले, इतके कमी आहेत. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात. दर रविवारी हिशेब इथंच टाकू. उरले तर त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या मुलाला देऊ." कमी पडणारा आकडा लिहिला की माणूस 500 का होईना देतो, नुसतं "मदत करा" म्हटलं की पुढे ढकलतो.
खर्चात पुढचे महिनेपण धरा. डिस्चार्जनंतर तीनेक महिने हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावं लागतं, औषधं चालू असतात, बापाचा टेम्पो बंद असतो. ते एस्टिमेटमध्ये नसतं.

मृण्मयी के
अमेरिकेचं राहिलं. मित्रांकडं भारतीय पासपोर्ट असेल तर ते एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं) सरळ भरू शकतात. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी धरली जाते आणि ट्रस्टमार्फत घ्यायची तर ट्रस्टकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी, तेवढं सीएला विचारा. आणि कुणी 80 जी ची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती मागितली तर ती नोंदणी असलेला ट्रस्टच देऊ शकतो, 2,000 च्या वर रोख दिली तर त्यावर सवलत नाही. हे पोस्टमध्येच लिहून टाका म्हणजे रोज फोन येणार नाहीत.

सुहास_वाळवा
एस्टिमेट सही-शिक्क्यासकट मागवलंय. योजनेचं उत्तर येईपर्यंत पोस्ट थांबवतो, रक्तदात्यांची यादी मात्र आज रात्रीच ग्रुपवर सुरू करतो. पुण्यात कुणी ओ पॉझिटिव्ह असेल तर इथंच सांगा.