मदत हवी आहे: जिवंत देखाव्यात दोन महानायकांचं भांडण, पण लोक एकाच्याच बाजूला

कसबेकर
मंडळी, यंदा मंडळाचा जिवंत देखावा आहे. कल्पना मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर' या कॉमिक आणि चित्रपटावरून सुचलेली, पात्रं मात्र स्वतःची: 'कवच' आणि 'तेजस', एकेकाळचे जिगरी दोस्त. एका चकमकीत शाळेची भिंत कोसळून मुलं दगावतात. मग कायदा येतो: मुखवटेवाल्यांनी खरं नाव नोंदवायचं आणि सरकारी हुकमाशिवाय हात उचलायचा नाही. तेजस सही करतो, कवच फरार होतो. साडेआठ मिनिटं, संवाद रेकॉर्ड केलेले. अडचणी अशा:

१. तालीम बघणारा प्रत्येक जण तेजसला खलनायक ठरवतो. दोघंही बरोबर वाटायला हवेत.
२. दोघांना पूर्ण मुखवटे. रस्त्यावरून बघताना कोण बोलतंय ते समजत नाही.
३. कवचची ढाल. फायबरची जड होते, पुठ्ठ्याची भाद्रपदात टिकणार नाही.
४. शेवट. कुणीही जिंकलं की निकाल आपणच दिल्यासारखं होतं.

शून्य_प्रहर
पहिल्या अडचणीचं मूळ तुमच्या कायद्यातच आहे. एकात दोन कायदे कोंबलेत. २००६-०७ च्या मूळ कॉमिकमध्ये (सात अंक, लेखन मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन) ठिणगी पडते ती नोंदणीवरून: खरी ओळख सरकारला द्यायची. आयर्नमॅन म्हणजे टोनी स्टार्क कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन अमेरिका विरोधात. २०१६ च्या चित्रपटात बहुतेकांची ओळख आधीच उघड, म्हणून तिथला करार हुकमाचा आहे: कुठे जायचं हे संयुक्त राष्ट्रांची समिती ठरवणार, ११७ देशांचा पाठिंबा. साडेआठ मिनिटांत दोन्ही मांडाल तर तेजसवर दुप्पट ओझं पडतं. नाव द्या असं तोच म्हणणार, हुकूम पाळा असंही तोच म्हणणार. मग तो सरकारचा माणूसच वाटतो.

एकच ठेवा, आणि तुमच्याकडे मुखवटे असल्यामुळे नावाचा ठेवा. कॉमिकच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढतो. अख्ख्या मालिकेत याहून बोलकं चित्र नाही. तेजसला तेच करू द्या, दुसऱ्या मिनिटाच्या आत. तो स्वतः किंमत मोजतोय हे दिसलं की खलनायकपणा निम्मा गळतो.

उरलेला निम्मा असा घालवा. कॉमिकमध्येही वाचक कायद्याच्या बाजूवर चिडतात, कारण त्या बाजूला 'निगेटिव्ह झोन' नावाच्या परक्या मितीतला तुरुंग आहे, पकडलेल्या खलनायकांची फौज आहे, आणि थॉर या नायकाची नक्कल बनवून तिच्या हातून कॅप्टनच्या बाजूचा गोलायथ मारला जातो. एवढं एका पारड्यात टाकल्यावर वाद उरतोच कुठे? चित्रपटानं हे सावरलं. स्टार्कसमोर, नायकांच्या आधीच्या लढाईत सोकोव्हियात मेलेल्या मुलाची आई उभी केली, आणि दुसरीकडे कॅप्टनच्या पदरीही दोष टाकला: स्टार्कच्या आईवडिलांच्या खुनाबद्दलची माहिती त्यानं दडवून ठेवलेली असते. म्हणजे तुमच्याकडे:

तेजसला एक आई द्या. भाषण नको, हातात दप्तर आणि एकच वाक्य.
कवचला एक लपवलेली गोष्ट द्या. भिंत ज्याच्या हातून पडली तो त्याचाच साथीदार, आणि हे त्याला माहीत होतं.
मग कवचची बाजूही खरी ठरवा: नाव उघड झाल्यावर तेजसच्याच घरावर हल्ला. (कॉमिकमध्ये ओळख उघड केल्याची किंमत स्पायडरमॅनची मे काकू मोजते, तिला गोळी लागते.) 'यादी फुटली तर?' हा कवचचा प्रश्न आधी पेरून ठेवा, उत्तर प्रसंग देईल. 'स्वातंत्र्य' हा शब्द संवादातून काढला तरी चालेल.

तपकीर_गल्लीवाला
दुसरी अडचण दिव्यानं सुटते. दोघांच्या छातीवर दिवा, बोलणाऱ्याचाच पेटतो. एकाचा गार पांढरा, दुसऱ्याचा पिवळसर; लाल-हिरवा नको, आपल्याकडे त्यातून भलते अर्थ निघतात. बारा व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला ६० दिव्यांची, ५०५० प्रकारची. प्रत्येकी २५ सेंमी पुरे. ती तीन-तीन दिव्यांवर खूण असते तिथेच कापायची. एवढ्या तुकड्याला साधारण ०.३ अँपिअर लागतो, म्हणजे आठ पेन्सिल सेलचा होल्डर संध्याकाळभर चालतो. बटण हातमोज्यात, तर्जनीच्या बाजूला, अंगठ्यानं दाबता येईल असं.

बिघडतं ते नेहमी सोल्डरच्या टाक्यावर, कारण अंग हलतं. साधी कडक वायर घेऊ नका, सिलिकॉनची मऊ घ्या. टाक्यावर गरम गोंदाचा थेंब आणि पुढची दोन इंच वायर कापडाला शिवून टाका. पट्टीवर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, नाहीतर लांबून ठिपके दिसतात.

मुक्काम_पोस्ट_नारायण
सेलचा खर्च कशाला? पॉवर बँक आणि पाच व्होल्टची पट्टी लावा की.

तपकीर_गल्लीवाला
तिथेच फसाल. दिवा बंद असताना वीज ओढली जात नाही, त्यामुळे बहुतेक पॉवर बँका अर्ध्या मिनिटात झोपतात. पुढच्या संवादाला बटण दाबलं तरी उजेड नाही. सतत पेटणारा दिवा असता तर चाललं असतं.

रंग_आणि_गोंद
ढाल ईव्हीए फोमची. चपलांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे तक्ते मिळतात. रविवार पेठेत बोहरी आळीच्या अंगाने विचारा. १० मिमीचा तक्ता, ७५ सेंमी व्यासाची चकती. घुमटाकार येण्यासाठी कडेपासून केंद्राकडे २० सेंमी लांब, कडेला दीड सेंमी रुंद अशा आठ पाचरी कापून काढायच्या आणि कापलेल्या कडा एकमेकींना चिकटवायच्या.

गोंद रबरी, दोन्ही कडांना पातळ थर. बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडायचा. कोरड्या हवेत दहा मिनिटं, पावसाळ्यात वीसही लागतात. घाई केली की पाचर पहिल्याच धक्क्याला उकलते. नंतर हीट गन फिरवा. फोमवर हलकी चमक आली की छिद्रं मिटली असं समजा. त्यावर पांढरा फेविकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे, चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. मग ॲक्रिलिक रंग, आणि सगळ्यात वर पाण्याला दाद न देणारं लवचीक वार्निश, कारण फेविकॉल भिजला की पुन्हा पांढरा पडून मऊ होतो. स्प्रे थेट फोमवर मारलात तर फोम रंग पितो आणि डाग पडतात.

मुठीसाठी नायलॉनचा जुना पट्टा, आरपार नटबोल्टनं, दोन्हीकडे मोठे वॉशर. नुसत्या गोंदावर भिस्त ठेवू नका. कुणी डीटीएचची जुनी छत्री सुचवेल. ती पूर्ण गोल नसते आणि पत्र्याची कड गर्दीत कापते. आणि ढाल फेकायची नाही. फेकल्याचा आवाज, क्षणभर अंधार, ढाल दुसऱ्याच्या पायाशी. एवढ्यानं काम होतं.

शून्य_प्रहर
शेवटाबद्दल. कॉमिकच्या सातव्या अंकात कॅप्टन जिंकत असतो, हे लोक विसरतात. स्टार्क खाली पडलेला, शेवटचा घाव घालायचा बाकी, आणि कॅप्टनला आवरतात ती साधी माणसं: अग्निशमन, रुग्णवाहिकेवरची. तो मान वर करून उद्ध्वस्त रस्ता बघतो आणि स्वतःहून बेड्या घालून घेतो. वाद जिथल्या तिथे राहतो, फक्त लढाई थांबते.

तुमच्याकडे ती माणसं फुकट आहेत! मंडळाचे चार कार्यकर्ते रोजच्या कपड्यांत, प्रेक्षकांमधून वर चढवा. दप्तरवाली आई त्यांच्यात असू दे, पण ती कवचचा हात धरणार नाही, ढाल काढून घेईल. तेजसनंही 'बघ, मी म्हणालो होतो' छापाचं काही बोलू नये. मारामारी पन्नास सेकंदांच्या वर नको. मुखवट्यातल्या माणसाला धाप लागते आणि पुढची हालचाल आवाजाच्या मागे पडते. शब्द सगळे मिळून आठशेच्या आत बसवा.

कसबेकर
आभारी आहे. कायदा फक्त नाव नोंदवण्याचाच ठेवतो. दोन शंका. तेजसनं मुखवटा काढल्यावर ओठ जुळवावे लागतील, त्याचं काय? आणि पोशाख ओळखीच्या नायकांसारखे केले, चित्रपटाचं पार्श्वसंगीत लावलं तर चालेल का?

मुक्काम_पोस्ट_नारायण
संगीत नको. हौशी संस्थेनं फुकट्या प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण ती मांडवापुरती. चित्रफीत यूट्यूबवर चढवली की संगीत आपोआप ओळखलं जातं आणि आवाज बंद होऊ शकतो. ढोल-ताशाचा ठेका स्वतः रेकॉर्ड करा. पोशाखावर तारा आणि लाल-निळी वर्तुळं नकोत, नाहीतर पात्रं स्वतःची म्हणण्यात अर्थ नाही.

वेळेचं गणितही आत्ताच करा. प्रयोग साडेआठ, मध्ये साडेसहा मिनिटं गर्दी हलायला आणि सेल बघायला, म्हणजे तासाला चार. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. सवलतीच्या दिवशी बाराला, ते दिवस आधी जाहीर होतात. शेवटचा प्रयोग दहाला वीस कमी असताना सुरू झालाच पाहिजे.

शून्य_प्रहर
ओठांसाठी: मुखवटा काढल्यावर तेजसला प्रेक्षकांकडे पाठ करून त्या आईकडे वळवा. तिथून शेवटापर्यंत त्याची वाक्यं पाचच्या वर नकोत, आणि तीही तिला उद्देशून.