व्हिएन्ना १६८३: एका त्रिकोणी पडकोटाने उस्मानी फौजेचा ऑगस्ट खाल्ला, तो कसा? मदत हवी आहे

उस्मानी (ऑटोमन तुर्की) फौजेने व्हिएन्नाला घातलेल्या १४ जुलै ते १२ सप्टेंबर १६८३ या वेढ्याच्या सुरुंगकामाबद्दल (तटाखाली भुयार खणून त्यात बंदुकीची दारू उडवणे) जाणकारांची मदत हवी आहे.

उस्मानी वजीर कारा मुस्तफाने हल्ल्यासाठी बुर्ग आणि ल्योबेल या बुरुजांमधली बाजू निवडली. तिथला खंदक कोरडा, म्हणून सुरुंग खणता येत होते. तटाला खिंडार पाडतील अशा जड तोफा त्याच्याकडे फारशा नव्हत्या, त्यामुळे सगळी मदार सुरुंगांवर. निवड चुकीची वाटत नाही. तरीही दोन बुरुजांच्या मधला त्रिकोणी पडकोट, म्हणजे रॅव्हलिन, सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत हाती आला नाही. मग ४ तारखेला बुर्ग बुरुजाला खिंडार पडले, पण शहराचा बचाव करणाऱ्या श्टारहेम्बर्गच्या माणसांनी ते लाकडे, मातीच्या पोत्यांनी भरून काढले. आठवड्याभरात पोलंडचा राजा सोबिएस्की याची मदतफौज शहराजवळच्या काहलेनबर्ग टेकडीवरून उतरली.

प्रश्न असा: हा उशीर नेमका कशाने? भुयाराचे तोंड मातीने आणि लाकडाने घट्ट बुजवले नाही, तर दारूचा जोर मागे फिरून खणणाऱ्यांच्याच अंगावर येतो. असे किती वेळा झाले? की सुरुंग नीट उडाले, पण आत आधीच दुसरी आडभिंत आणि खुंटांचे कुंपण तयार होते? आतून उलटे सुरुंग खणणाऱ्यांचा वाटाही मोजायला हवा.

भुयारांची खोली आणि दर सुरुंगाची दारू दाखवणारा समकालीन नकाशा कुणी पाहिला असेल तर सांगा. ‘सोबिएस्कीने वाचवले’ एवढेच उत्तर नको, ते शेवटच्या दिवसाचे झाले.