डायअर्नल सायकल: 'दैनिक' की 'अहोरात्र'?

प्रश्न:
उपग्रहांनी मोजलेल्या तापमानावरचा एक लेख मराठीत करतोय. 'डायअर्नल सायकल'ला मी 'दैनिक चक्र' लिहिलं, तर बायकोने विचारलं, "पेपर फिरतोय का?" थट्टा सोडा, पण 'दैनिक तापमान' म्हटलं की वाचक त्या दिवसाचा एक आकडा समजतो. मला एकाच दिवसाच्या पोटातले चढउतार सांगायचेत. आणि 'डायअर्नल ड्रिफ्ट'चं काय?

पंचांगी:
'दिनमान' घेऊ नका, ते सूर्योदय ते सूर्यास्त, रात्र सुटते. शिवाय फिरतं ते नशिबाचं. 'आह्निक' स्नानसंध्येला बांधलेलं. दिवस आणि रात्र दोन्ही हवेत तर अहन् + रात्रि, म्हणजे अहोरात्र-चक्र.

तळटीप:
अहोरात्र म्हटलं की मला खपणारे कार्यकर्ते दिसतात. बोलण्यात तो शब्द 'सतत' झालाय, आणि इथली गोम नेमकी उलटी आहे: उपग्रह सतत बघतच नाही.

समजा, तुम्ही ओट्यावरचा तापमापक रोज दुपारी दोनला बघता. हळूहळू उशीर होत जातो, चार-पाच वर्षांनी तुम्ही साडेचारला बघू लागता. वहीत गाव थंड होताना दिसेल. थंड झालेली असते फक्त तुमची वेळ. १९७८ च्या अखेरीपासून टायरॉस-एन आणि नंतरच्या नोआ या अमेरिकी हवामान उपग्रहांवर ऑक्सिजनच्या सूक्ष्मलहरींवरून हवेचं तापमान काढतात. त्यांच्यात कक्षा सावरायची सोय नव्हती, त्यामुळे विषुववृत्त ओलांडायची स्थानिक वेळ सरकत गेली. हीच ती 'डायअर्नल ड्रिफ्ट'. ती भरून काढताना हंट्सव्हिलच्या अलाबामा विद्यापीठातल्या गटाच्या दुरुस्तीचं अधिक-उणे चिन्ह उष्णकटिबंधात उलटं पडलं. मिअर्स आणि वेंट्झ या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ते दाखवलं, गटाने मान्य केलं, आणि खालच्या वातावरणाची तापवाढ दशकाला सुमारे ०.०९ वरून ०.१२ अंशांवर गेली. तिथे चिन्ह चुकलं, इथे शब्द चुकायला नको.

म्हणून 'ड्रिफ्ट'ला साधं 'सरक'. 'अपवहन' वाचलं की गटार आठवतं.

पंचांगी:
'सरक' मान्य. पण 'अहोरात्र'ला जोडून 'चक्र' आलं की 'सतत' हा अर्थ आपोआप गळतो. कार्यकर्त्यांना चक्र नसतं.

प्रश्नकर्ता:
ठरलं. पहिल्यांदा 'दिवस-रात्रीचे चढउतार, म्हणजे अहोरात्र-चक्र', पुढे नुसतं 'अहोरात्र-चक्र'. ड्रिफ्टला 'वेळेची सरक'. संपादकांनी 'अपवहन' केलंच तर इथे परत येतो.