शब्दचर्चा : 'आंतरव्यावसायिक शिक्षण' आणि त्यासाठीचं 'अनुदान'

प्रश्न (अंबाजोगाई, नर्सिंगच्या शिक्षिका) : एका सूचनेचं मराठी करते आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्वतःच्या निधीतून शिक्षकांना छोट्या रकमा देणार, अट एवढीच की उपक्रमात किमान दोन वेगळ्या अभ्यासक्रमांची मुलं हवीत. एमबीबीएस आणि नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपी, असं. मूळ शब्द 'इंटरप्रोफेशनल एज्युकेशन'. मी 'आंतरव्यावसायिक शिक्षणासाठी अंतर्गत अनुदान' लिहिलं. कार्यालयातल्या एकांनी विचारलं, "मॅडम, हे आयटीआयचं आहे का?" दुसऱ्यांनी विचारलं, "अनुदान खात्यावर कधी पडणार?" दोघांचंही चुकलं नाही. शब्द सुचवा.

उत्तर (नांदेड) : 'व्यवसाय' म्हटलं की आपल्याकडं दुकान, नाहीतर धंदेशिक्षण आठवतं. 'पेशा' अर्थाला नेमका आहे, पण त्याचं विशेषण 'आंतरपेशीय' होतं आणि वैद्यकाच्या मुलांना पेशी म्हणजे सेल! 'आंतरविद्याशाखीय' रुळलेला शब्द आहे, मात्र तो ज्ञानशाखांविषयी बोलतो. इथं उद्या एकाच खाटेभोवती उभी राहणारी माणसं एकत्र आणायची आहेत.

उत्तर (परभणी, शेतकरी कुटुंबातला फार्मसीचा शिक्षक) : 'आंतर-' मला फार आवडतो, कारण तो आमच्या रानात आहे. सोयाबीनच्या चार ओळी, तुरीच्या दोन, हे आंतरपीक. बी एकत्र कालवून फेकलं तर ते मिश्रपीक. आंतरपिकात तूर तूरच राहते, सोयाबीन सोयाबीनच. ओळी मोडत नाहीत, पण जमीन आणि ओल एकच. या शिक्षणाचंही तसंच आहे. सिस्टरला डॉक्टर करायचं नाही, डॉक्टरला फार्मासिस्ट करायचं नाही. आणि नुसतं दोन वर्गांना एका हॉलमध्ये बसवून एकच लेक्चर दिलं तर ते 'बहुव्यावसायिक' झालं, 'आंतर' नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यातली व्याख्या तीन शब्दयोगी अव्ययांवर उभी आहे : एकमेकांविषयी, एकमेकांकडून, एकमेकांसोबत. यातलं 'कडून' सगळ्यात अवघड. इन्सुलिन लिहिताना युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' काढलं तर ते घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. युनिट हा शब्द पूर्ण लिहा, हे फार्मसीच्या मुलीनं एमबीबीएसच्या मुलाला सांगायचं आणि त्यानं ते मनावर घ्यायचं. मराठी शब्दात हे 'कडून' उतरलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर (लातूर) : मग 'सहशिक्षण'?

उत्तर (नांदेड) : तो शब्द मुलं-मुली एकत्र शिकण्यासाठी केव्हाच गेला. 'सहाध्ययन' बघा. 'सहाध्यायी' आपल्याकडं जुनाच आहे, आणि शिक्षण दुसरा देतो, अध्ययन आपण करतो.

उत्तर (लातूर) : हे पटलं. आता 'अनुदान'. मराठवाड्यात या शब्दाचा अर्थ पक्का झालाय : अतिवृष्टीचं, ठिबकचं, नाहीतर शाळेच्या पगाराचं. नुकसान किंवा खर्च होऊन गेल्यावर मिळणारं, हक्काचं, वाट पाहायला लावणारं. इथं पैसे काम सुरू व्हायच्या आधी मिळतात आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. 'बीजभांडवल' म्हणाल तर लोकांना कर्जाची योजना आठवेल आणि परतफेड किती, असं विचारतील. 'बीजनिधी' बरा. रक्कम छोटी असते. केसपेपरच्या छायाप्रती, मुलांचं एसटीचं भाडं, सरावाचं एखादं साहित्य. पण 'किरकोळ' लिहू नका, 'लघु' लिहा. लघु संशोधन प्रकल्प आपल्याला माहीतच आहे.

उत्तर (परभणी) : 'अंतर्गत'ही काढा, मुलांना अंतर्गत गुण वाटतील. ग्रामपंचायतीत म्हणतात तसं 'स्वनिधी' चालेल. आणि 'आंतर' छापताना काना तपासा. 'अंतर' छापलं की अर्थच उलटा.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे आभार. आता असं केलंय : 'आंतरव्यावसायिक सहाध्ययनासाठी विद्यापीठाच्या स्वनिधीतून लघु बीजनिधी'. खाली एक ओळ : 'दोन किंवा अधिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून शिकावे, यासाठी.' 'व्यावसायिक' अजून खटकतोच. पण खालची ओळ वाचल्यावर आयटीआयचं कुणी विचारलं नाही. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर मात्र 'एकमेकांकडून'पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडूनपण?"